बाजू संपेपर्यंत

जन्मभर कान देऊन ऐकत बसलेला आणि तरीही कुणाचं काहीएक न ऐकलेला असा माणूस अख्ख्या जर्मनीत एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. आमचं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "वोल्फ्सबुर्गला नोकरी म्हणजे बरंच झालं, माझा भाऊ तिथेच असतो. माणूस देवासारखा आहे. फक्त त्याच्याशी बोलायला जाऊ नका." देवासारख्या माणसाशी बोलायचं नाही तर करायचं काय, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे कळलं. आपण देवाशी बोलतो तसंच मामांशी बोलायचं असतं. आपलं आपण सांगून मोकळं व्हावं, उत्तराची अपेक्षा ठेवू नये, आणि भलत्याच वेळी एखादा कौल मिळालाच तर तो गोड मानून घ्यावा.

मामांचा व्यवसायच मुळी ऐकण्याचा. पंचेचाळीस वर्षांपूर्वी पुण्याहून यंत्रांचं शिक्षण घेऊन ते इथे आले आणि कंपनीत लागले. वोल्फ्सबुर्गमध्ये 'कंपनी' एवढंच म्हटलं तरी पुरतं, कुठली म्हणून कुणी विचारत नाही. तिथे मामांनी आयुष्यभर नव्या गाड्यांतली खडखड शोधली. गाडी एका हादरवणाऱ्या यंत्रावर उभी करायची, आत मामांना बसवायचं आणि दार लावून घ्यायचं. मामा डोळे मिटून बसत आणि पाच-दहा मिनिटांनी बाहेर येऊन म्हणत, "डॅशबोर्डमागची डावी क्लिप." मग त्यांचे जर्मन सहकारी गाडीभर मायक्रोफोन लावत, आलेख काढत, आणि तीन दिवसांनी त्याच डाव्या क्लिपपाशी येऊन पोचत. पुढे कंपनीनं मामांना निवृत्त केलं, पण त्यांच्या कानांना तसं पत्र कुणी दिलं नाही. त्यामुळे ते कान अजून कामावर आहेत.

मी इथे आल्यावर पहिली गाडी घेतली ती जुनी. मामांना मोठ्या हौसेनं चक्कर मारायला नेलं. मामा मागे बसले, डोळे मिटले, आणि अर्ध्या तासानं उतरताना एवढंच म्हणाले, "मागच्या डाव्या दारात काहीतरी आहे. धातूचं. हलकं." तोपर्यंत मला गाडीत काहीच ऐकू येत नव्हतं. त्या दिवसापासून मला तेवढंच ऐकू येऊ लागलं. चार महिने सहन केलं आणि शेवटी एका शनिवारी मामांसमोरच दाराचं आतलं आवरण काढलं. आत केसांना लावायची पिन निघाली. ती पिन हातात घेऊन माझी बायको बराच वेळ बघत राहिली, कारण ती तिची नव्हती. गाडी जुनी आहे, पहिल्या मालकाला बायको असणार, हे मी त्या दिवशी निदान सात वेळा सांगितलं. मामांनी शांतपणे हात धुतले, पुसले आणि म्हणाले, "आता आवाज येणार नाही." गाडीत नाही आला. घरात पुढचे आठ दिवस येत होता.

मराठी मंडळाच्या गणपतीतही तेच. हॉल भाड्याचा, शंभरेक माणसं, टाळ-झांजांचा गजर, लहान पोरांचा कल्ला. ऐन आरतीत मामा टाळ्या थांबवून छताकडे बघायला लागले. मला वाटलं, भाव दाटून आले. तर माझ्या कानाशी येऊन म्हणतात, "वरच्या पंख्याचं बेअरिंग चाललंय. महिना काढेल." लोक देवापाशी आयुष्य मागत होते आणि मामा पंख्याचं आयुष्य सांगत होते. दिवाळीच्या कार्यक्रमाला गेलो तर हॉलचा हाउसमाइस्टर, म्हणजे तिथला देखभाल करणारा माणूस, शिडीवर चढून पंखाच बदलत होता. या देशात रविवारी भिंतीला भोक पाडायला बंदी आहे, गवत कापायचं यंत्र चालवायला बंदी आहे, याचं मामांना अपार कौतुक. लोक इथे पगारासाठी राहिले, शिस्तीसाठी राहिले. मामा रविवारसाठी राहिले.

आता अशा कानांचा माणूस फावल्या वेळात काय ऐकत असेल? तुम्ही म्हणाल, शास्त्रीय संगीत. गेला बाजार भावगीतं. मुळीच नाही. मामा गेली पंचेचाळीस वर्षं एकाच अमेरिकन गायकाच्या अकरा रेकॉर्डी ऐकत आले आहेत. ते लोक ज्याला कंट्री म्हणतात, तिकडच्या खेड्यापाड्यातलं गाणं, त्यातला हा एक जुना नामांकित गवई. एक गिटार, एक रडवेलं व्हायोलिन आणि बायको सोडून गेल्यामुळे गुत्त्यात येऊन बसलेला एक माणूस, एवढा ऐवज. प्रत्येक मुखपृष्ठावर हा गृहस्थ रुंद टोपी घालून कशाला तरी टेकून उभा. मामी त्याला 'टोपीवाला' म्हणायच्या.

याची सुरुवात मात्र ऐकण्यासारखी आहे. मामा नवे होते तेव्हा कंपनीच्या वसतिगृहात त्यांना एक खोली मिळाली होती. भाषा येत नव्हती, घरचं पत्र यायला तीन-तीन आठवडे लागायचे, आणि दिवसभरात कुणी त्यांचं नावसुद्धा नीट घ्यायचं नाही. भिंतीपलीकडे एक वयस्कर जर्मन लेथवाला राहायचा. तो रोज कामावरून आला की एकच रेकॉर्ड लावायचा. "शब्द कळत नव्हते," मामा मला एकदा म्हणाले होते, "पण हा माणूस घरापासून लांब आहे, एवढं भिंतीतूनसुद्धा कळत होतं." तो लेथवाला नोकरी सोडून गेला तेव्हा ती रेकॉर्ड मामांच्या दाराशी ठेवून गेला. दोघांची एका शब्दाची ओळख नव्हती. उरलेल्या दहा मामांनी जुन्या बाजारांतून जमवल्या.

आणि या अकरा रेकॉर्डींसाठी मामांच्या घरात एक कायदा होता. गाणं चालू असताना बोलायचं नाही. हळू बोलायचं नाही असं नव्हे, बोलायचंच नाही. फोन वाजला तर वाजू दे, दाराची बेल वाजली तर आलेला परत येईल. मामी लग्न होऊन वाईहून या घरात आल्या, त्या माहेरी सगळ्यांत बोलक्या म्हणून प्रसिद्ध होत्या. दुसरी कुणी असती तर महिन्याभरात वेडी झाली असती किंवा रेकॉर्डी फोडल्या असत्या. मामींनी दोन्ही केलं नाही. त्यांनी फट शोधून काढली.

रेकॉर्डची एक बाजू म्हणजे सहा गाणी, साधारण अठरा मिनिटं. सहावं संपलं की सुई मध्याशी जाऊन खरखरायची. मग मामा उठायचे, रेकॉर्ड काढायचे, मऊ फडक्यानं पुसायचे, उलटवायचे आणि सुई टेकवायचे. मामांच्या पद्धतीनं या कामाला दीड मिनिट लागायचं. ते दीड मिनिट मामींचं. स्वयंपाकघराच्या दाराशी एक लाकडी स्टूल असे, त्यावर त्या बसायच्या आणि सांगायच्या गोष्टी मनात ओळीनं लावून ठेवायच्या. मामा उठले रे उठले की, "अहो, हीटिंगवाला गुरुवारी येणारे, साखर संपलीय, तुमच्या ताईंचं पत्र आलंय, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरतंय." मामा फडकं फिरवत म्हणायचे, "गुरुवारी मी आहे. साखर आणतो." "आणि ताई?" तोवर सुई टेकलेली असायची. ताईंच्या, म्हणजे आमच्या सासूबाईंच्या, गुडघ्याला आणखी अठरा मिनिटं थांबावं लागायचं.

त्या घरात घड्याळ नावालाच होतं. वरणभाताचा कुकर एका बाजूत व्हायचा, पुरणाची डाळ दोन बाजूंत शिजायची. श्रीखंडाची कृती मामींनी माझ्या बायकोला सांगितली ती अशी, की "टोपीवाल्याच्या सगळ्या अकरा होईपर्यंत चक्का टांगून ठेव." हे घर विकत घ्यायचं की नाही, हा निर्णय त्या दोघांनी एका संध्याकाळी चार बाजूंत घेतला. मूल होत नाही तर पुढचे उपचार करत बसायचं की पुरे म्हणायचं, हाही असाच दीड-दीड मिनिटात घेतला. त्याला किती बाजू लागल्या ते मामींनी कधी सांगितलं नाही.

मी एकदा न राहवून त्यांना विचारलं, "मामी, तुम्हाला राग नाही येत?" त्या म्हणाल्या, "अहो जावईबापू, येतो ना! पण अठरा मिनिटांत जातो." आणि हसल्या. मग परत गंभीर होऊन म्हणाल्या, "माझ्या बहिणीचे यजमान दिवसभर घरात असतात, दिवसभर हं हं करतात. आमचे दीडच मिनिट ऐकतात, पण त्या दीड मिनिटातलं काही विसरत नाहीत." त्या दिवसापासून मी घरी हं हं करणं बंद करायचं ठरवलं. अजून ठरवतोच आहे.

तीन वर्षांपूर्वी मामी गेल्या. पोटाचा आजार, कळल्यापासून चार महिने. त्यानंतर आम्ही दोघं दर रविवारी तीन वाजता मामांकडे जायला लागलो. आपल्याकडे अशा वेळी माणसं येऊन बोलतात, आठवणी काढतात, रडतात. मामांकडे तसलं काही नाही. दार उघडणार, "बसा" म्हणणार, रेकॉर्ड लावणार. फरक मला पडलेला दिसला तो एकच. बाजू बदलायला आता दीडऐवजी तीन मिनिटं लागायची. रेकॉर्ड पुसून झाली तरी मामा फडकं फिरवतच राहायचे आणि त्या रिकाम्या स्टुलाकडे बघायचे. आम्ही काहीतरी बोलायचो, हवा, भाज्या, मंडळातली भांडणं. ते ऐकायचे. पण आमचं बोलणं संपलं तरी सुई टेकवायचे नाहीत, जणू अजून कुणाचं तरी सांगून व्हायचं आहे. मला ते बघवत नसे.

आणि अशातच मी एक चूक केली. तशी ती चांगुलपणानंच केली. पण आपल्या माणसांचा चांगुलपणा बहुतेकदा असाच असतो, समोरच्याला काय हवं ते न विचारता केलेला. झालं असं, की मला रेगेन्सबुर्गला नवी नोकरी मिळाली. चांगली, वरची. करारावर सही झाली, तिथे घर मिळालं, सामान नेणारा ट्रकही ठरला. मामांना सांगायचं तेवढं राहिलं. या देशात आमच्याशिवाय त्यांचं कुणीही नव्हतं. गाडीनं पाच-साडेपाच तासांचं अंतर, म्हणजे दर रविवार संपलाच. हिनं म्हणावं, "तूच सांग, तुझं ते ऐकतात." मी म्हणावं, "मामा तुझा आहे." अशा तंट्यात एक महिना गेला. मग मन खाऊ लागलेला माणूस जसा एकदम देवाला मोठा हार घेऊन जातो, तसं मी मामांच्या वाढदिवसाला एक भेट मागवली.

टोपीवाल्याचा नवा संच निघाला होता. त्यानं स्टुडिओत गायलेलं झाडून सगळं, आठ सीड्यांत, ज्या क्रमानं गायला त्या क्रमानं, आणि वर जाडजूड पुस्तक. रीमास्टर केलेला, म्हणजे मूळ फिती शोधून काढून, त्यांच्यातली खरखर, सरसर, फुसफुस सगळी धुऊन पुसून लख्ख केलेला. मामांकडे सीडी लावायचं यंत्र नव्हतं, म्हणून माझं जुनं यंत्र रिमोटसकट देऊन टाकलं. मामांनी खोकं उलटंसुलटं करून पाहिलं, बोटानं टकटक केली.

"खरखर काढलीय?" त्यांनी विचारलं.

"हो मामा, सगळी!"

"कुणी सांगितलं होतं?"

पण जावयानं दिलेली वस्तू जावयासमोर वापरायची, कपाटात टाकायची नाही, ही आपल्याकडची रीत. मामा पंचेचाळीस वर्षं जर्मनीत असले तरी ती रीत त्यांच्या हाडात. पुढच्या रविवारपासून आम्ही गेलो की रेकॉर्डी बंद आणि सीडी सुरू. पुढे पुढे एरवीही तीच लागायला लागली.

त्या संचाची मामांनी नव्या गाडीसारखी तपासणी केली. आठवडाभर एका कानानं जुनं आणि एका कानानं नवं ऐकून त्यांनी मेंगेललिस्ट, म्हणजे दोषांची यादी, तयार केली आणि संच काढणाऱ्या कंपनीला रीतसर पत्र लिहिलं. पाठवण्याआधी वाचायला माझ्याकडे दिलं. बेचाळीस दोष होते. अमुक गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी कुणाची तरी खुर्ची करकरायची, ती आता करकरत नाही. तमुक गाण्यात गायक श्वास घेतलेला ऐकू यायचा, तो श्वास गायब आहे, आणि मनुष्य श्वास न घेता अडीच मिनिटं गाऊ शकतो हे तांत्रिकदृष्ट्या संभवत नाही. मी हसून हसून बेजार झालो. शेवटी त्रेचाळिसावा दोष वेगळ्या ओळीवर लिहिला होता. "बाजू संपत नाही."

मी म्हटलं, "मामा, सीडीला बाजू नसते. सगळी गाणी सलग."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मामा म्हणाले. "तेच लिहिलंय."

दहा दिवसांनी उत्तर आलं. फार सभ्य होतं. आपल्यासारखे श्रोते दुर्मीळ वगैरे लिहून शेवटी म्हटलं होतं, की त्रेचाळिसाव्या मुद्द्याबाबत, ग्राहक हवं तेव्हा बटण दाबून गाणं थांबवू शकतात. ते वाक्य मामांनी मला दोनदा वाचून दाखवलं. मग चष्मा काढला, पत्राला दोन भोकं पाडली आणि ते फाइलला लावून टाकलं.

आमची योजना पहिल्यापासून अशी होती, की बाजू बदलताना मामांना सांगून टाकायचं. दीड मिनिटात सांगायचं, म्हणजे ऊहापोह नको आणि रडारडही नको. पण ती बाजूच मी भेट देऊन बुडवून टाकली होती. एका सीडीवर अठ्ठावीस गाणी. आम्ही सव्वा तास तोंड मिटून बसायचो. सीडी संपली की मामा लगेच कोट चढवायचे, कारण ती त्यांची फिरायला जायची वेळ. "आल्झो, या मग," म्हणून जिना उतरायला लागायचे. आता कुणी म्हणेल, जिन्यात सांगायचं होतं, पत्र वाचताना सांगायचं होतं. सांगता आलं असतं. पण सव्वा तास तोंडात धरलेली गोष्ट शेवटी गिळली जाते, याचा अनुभव ज्यानं घेतला नाही त्यानं आम्हाला हसू नये. असे सहा रविवार गेले. सातव्या रविवारी दुपारी आम्ही गेलो तेव्हा पुढच्या शनिवारी दाराशी ट्रक येणार होता.

हिनं गाडीतच सांगितलं होतं, "आज मी सांगणार. काही झालं तरी." घरात शिरल्यावर मी कोचावर बसलो. ही नेहमी माझ्या शेजारी बसते. त्या दिवशी तिला कोचावर टेकावंसं वाटेना. ती स्वयंपाकघराच्या दारापाशी गेली आणि तिथल्या स्टुलावर बसली. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मामांनी रिमोट दाबला, डोळे मिटले, आणि टोपीवाला सुरू झाला.

पहिली सहा गाणी गेली. सहावं संपताच मामा उठले. डोळे अर्धवट मिटलेलेच, दोन पावलं जुन्या रेकॉर्डप्लेयरकडे गेले, हात पुढे केला. तेवढ्यात सातवं सुरू झालं. मामा हात तसाच ठेवून क्षणभर उभे राहिले आणि परत येऊन बसले. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाराव्यानंतर त्यांचा नुसता हात हलला. मला एकदम कळलं, की हे रोज होत असणार. आम्ही नसताना, रोज, सहा-सहा गाण्यांनी.

चौदावं गाणं चालू होतं. मामांनी डोळे उघडले. चालू गाण्यात डोळे उघडलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. स्टुलावर ही बसली होती, काठावर, मान खाली, ओठ आवळलेले, वाट बघत. मामा तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी रिमोट उचलला आणि टोपीवाल्याला ओळीच्या मधोमध, शब्द अर्धा असताना, थांबवलं.

घर इतकं शांत झालं की मला फ्रीजसुद्धा ऐकू आला.

"बोल," मामा म्हणाले.

"गाणं होऊ द्या ना मामा," ती म्हणाली. "नंतर सांगते."

"नाही. आत्ता बोल पोरी."

"आम्ही रेगेन्सबुर्गला चाललोय. ह्याला तिथे नोकरी लागलीय. शनिवारी." आणि ती रडायला लागली.

मामांनी मला विचारलं, "किती तास, जावईबापू?"

"साडेपाच. आम्ही येत जाऊ, मामा. महिन्यातून एकदा तरी."

"हं," मामा म्हणाले. "कधी ठरलं?"

"दोन-अडीच महिने झाले."

"आणि सांगितलं नाही."

"तुमचं गाणं चालू असायचं," ही डोळे पुसत म्हणाली.

तिनं ते सहज म्हटलं होतं. पण मामांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं त्यांना काही होतंय. मी उठायला लागलो. त्यांनी हातानंच मला बसवलं.

"हेच म्हणाली होती," ते म्हणाले. "तुझी मामी. इथेच बसली होती, याच स्टुलावर. डॉक्टरांकडून आली होती. कोटसुद्धा काढला नव्हता. मांडीवर रिपोर्टाचा लिफाफा. मी नुकती सुई टेकवलेली. दार वाजलेलं ऐकलं मी, ती बसलेली ऐकली, कागद वाजलेला ऐकला. सगळं ऐकलं. डोळे उघडले नाहीत. सहा गाणी ती तशीच बसून राहिली. मग मी रेकॉर्ड पुसायला लागलो तेव्हा म्हणाली, अहो, जरा कठीण आहे म्हणतायत." त्यांनी रिमोट बाजूला ठेवला. "मी विचारलं, आल्याआल्या का नाही सांगितलंस? तर म्हणाली, तुमचं गाणं चालू होतं."

ही स्टुलावरून उठली आणि त्यांच्याजवळ येऊन बसली.

"सुई उचलता येत होती हो, जावईबापू," मामा म्हणाले. "त्याला काय लागतं? एका बोटाचं काम. चाळीस वर्षांत एकदाही उचलली नाही."

त्या दिवशी मामा फिरायला गेले नाहीत. राहिलेली गाणीही लागली नाहीत. हिनं चहा केला आणि आम्ही अंधार पडेपर्यंत बोलत बसलो, म्हणजे मामा विचारत होते आणि आम्ही सांगत होतो. घर कितव्या मजल्यावर, खिडक्या कुठल्या बाजूला, माझा साहेब कसा आहे, हिला तिथे काम मिळेल का. निघताना त्यांनी हिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "रस्ता लांबचा आहे. मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग बघून घ्या." मी शुक्रवारी दाखवलं. गेलेलं होतं.

आता या गोष्टीला वर्ष होत आलं. महिन्यातून एकदा येतो म्हणालो होतो, ते चारदाच जमलं. माणूस वायदे करतो तेव्हा खोटं बोलत नसतो, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. मामांना इकडे बोलावलं की ते "बघू" म्हणतात, आणि त्यांचं बघू म्हणजे नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. दर रविवारी तीन वाजता आम्ही फोन मात्र चुकवत नाही. पूर्वी गाणं चालू असताना त्या घरात फोन वाजत राहायचा. आता पहिल्या घंटीला उचलला जातो. आधी टोपीवाल्याची एखादी अर्धीमुर्धी ओळ ऐकू येते, मग ती मध्येच तुटते, मग घर शांत होतं, आणि मामा म्हणतात, "हं, बोला."

मग आम्ही बोलतो. खरं तर सांगण्यासारखं फारसं काही नसतं. इथली थंडी, मंडळ इथलंही भांडकुदळच निघालं ते, वाणसामानाचं दुकान लांब पडतं ते. परवा मामा मध्येच म्हणाले, "तुमच्या फ्रीजचा एक पाय टेकलेला नाही," आणि मी वाकून बघितलं तर खरोखरच एक पाय अधांतरी. दहाव्या-बाराव्या मिनिटाला आमचे विषय संपतात. तरी आम्ही एकमेकांकडे बघत, खुणा करत, काहीबाही काढून बोलत राहतो. ही त्यांना अळूच्या भाजीची कृतीसुद्धा सांगते, इथे अळू मिळत नाही हे तिघांनाही माहीत असताना. कारण फोन ठेवला की मामा पुन्हा बटण दाबणार, आणि पुढचा सव्वा तास त्या घरात मध्ये कुणीही बोलणार नाही.